होडीपासून बावीस पावलं

"बावीस पावलां... बरां. पण खयसून?"

धाकू तांडेलाने एवढंच विचारलं आणि मिथिलाच्या तोंडचं पाणी पळालं.

वहीत तर सगळं लिहिलेलं होतं. तिच्याच अक्षरात, खाली दोनदा रेघ मारून. 'होडीच्या नाकापासून सुरूच्या बनाकडे सरळ बावीस पावलं.'

तिने मान वर करून होडी बघितली.

होडी समुद्रात होती.

काल संध्याकाळी हीच होडी इथे वाळूवर डोंगरासारखी बसलेली होती. आता ती लाटांवर डुलत होती. जाळ्याचा मोठा अर्धगोल पाण्यात सोडून, दोराचं दुसरं टोक किनाऱ्याला देऊन ती बाहेर थांबली होती, आणि थांबली होती तीही भलतीकडेच, दोनशे पावलं लांब.

"हो... होडीपासून," मिथिला म्हणाली.

मग मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या कुशीने डोक्याला हात लावला.

"अगो बाये! होडी काय देऊळ आसा, थयच्या थय बसान रवाक?"

बायका खिदळल्या. दोराला हात घालून उभे असलेले पुरुषही हसले. कुणीतरी म्हणालं, "कोल्लापुरात होडये जमनीतच पुरतत रे!"

"मी गडहिंग्लजची आहे," मिथिला पुटपुटली. तिचं हे कुणीच ऐकलं नाही.

धाकू तांडेल मात्र हसला नव्हता. तो वाट बघत होता.

धाकू हा या किनाऱ्यावरच्या रापणीचा, म्हणजे वाळूवरून दोरांनी ओढायच्या मोठ्या जाळ्याचा, म्होरक्या, म्हणून तांडेल. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, अंगावर मांस कमी, दोर जास्त, असा माणूस. गावात भांडण झालं की लोक त्याच्या पडवीत येत. लग्न जमवायचं असलं, मुलगा बोटीवर पाठवायचा असला, तरी येत. तो दोन शब्दांत काय ते सांगे. ते दोन शब्द घेऊन लोक घरी जात आणि कधीकधी वर्षभर त्यावर विचार करत बसत.

मिथिला तेवीस दिवसांपूर्वी त्याच्याकडे गेली ती विचारायला नव्हे, सांगायला. ती पक्ष्यांवर एम.एस्सी. झालेली. एका संस्थेने तिला या किनाऱ्यावर वाळूत घरटी करणाऱ्या पाखरांची राखण करायला पाठवलं होतं. तिने पडवीत रंगीत चित्रं मांडली, अर्धा तास समजावलं. या पक्ष्याचं नाव केंटिश चिखल्या. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. त्यात तीन अंडी, वाळूच्याच रंगाची, वर काळे शिंतोडे. जवळ उभं राहिलं तरी दिसत नाहीत...

"चिखल्या?" तेव्हाही कुशी मध्येच बोलली होती. "हय चिखल खय आसा गो? सगळी वाळू!"

तांडेल सगळं ऐकून म्हणाला होता, "बरां."

बस्स, एवढंच. मिथिलाला ते फार लागलं होतं. अर्धा तास बोलल्यावर एक 'बरां'!

या किनाऱ्यावर यंदा पाच घरटी झाली. एक भरतीने नेलं. एक कुत्र्यांनी उकरलं. एकावरून शहरातल्या हौशी लोकांनी जीप नेली. चौथ्यापाशी मिथिलाने स्वतः काठी रोवली होती, वर लाल चिंधी बांधून, म्हणजे कुणाचा पाय पडू नये. त्या काठीवर एक कावळा येऊन बसला. उंचावरून त्याला खालचं सगळं नीट दिसलं.

ती काठी मिथिलाने त्याच दिवशी उपटून टाकली.

म्हणून पाचव्याला तिने काठी लावली नाही. दगड नाही, शिंपला नाही, कसलीच खूण नाही. फक्त वहीतली ओळ... होडीपासून बावीस पावलं.

रापण इथे ओढत नसत, ती नेहमी पलीकडे, ओढ्याच्या मुखाशी ओढत. पण आठ दिवस समुद्र कोरडा गेला होता आणि आज तारली मासळीचा थवा नेमका इथेच, या उतारासमोर वळला होता. पाण्यात काळसर डाग दिसत होता, ढगाची सावली पडावी तसा. पहाटे होडी लोटली गेली आणि वाळूतला तिचा चर भरतीने पुसला. मिथिला उठून आली तेव्हा चाळीस माणसं दोन दोरांना लागलेली होती.

"तांडेलआजोबा, दोर थांबवा. हात जोडते तुम्हाला."

"थांबवतंय. घरटां दाखव."

"दाखवता येत नाही म्हणून तर थांबवा म्हणतेय!"

तांडेलाने समुद्राकडे बघितलं.

उत्तरेच्या दोरावर सर्वांत पुढे, पाण्याच्या कडेला, त्याचा पुतण्या सातू उभा होता. तो ओरडला, "काकानू, वेळ लावू नकात! मासळी तोंडार इली!"

रापण ओढणारे उलटे चालतात. तोंड समुद्राकडे, पाठ गावाकडे. दोर कमरेशी धरायचा, अंग मागे झोकायचं आणि एकेक टाच वाळूत रुतवत मागे मागे यायचं. टाचेखाली काय आलं ते टाचेलाच कळणार, आणि तेही आल्यानंतर. मिथिलाने चाळीस माणसांच्या ऐंशी टाचा बघितल्या.

ती धावली.

आधी सुरूच्या बनाकडे. मग तिथून उलट, पाण्याकडे. मग फोन काढला. फोनवर तिने घरट्याची जागा टिपून ठेवली होती, निळा ठिपका आणि लाल ठिपका. निळा ठिपका म्हणजे ती स्वतः. ती वाळूत उभी होती आणि ठिपका तिला समुद्रात दाखवत होता. ती दहा पावलं डावीकडे गेली. ठिपका सुरूच्या झाडावर चढला.

"इथंच होतं... इथंच कुठंतरी... काल तर..."

ती वाकली, बसली, उठली, पुन्हा धावली. कुठे ओहोटीने सोडलेली काटकी दिसली की दचकून थांबे. कुठे काळे ठिपके दिसले की गुडघ्यावर बसे, ते सुकलेलं शेवाळ निघे. ऊन चढायला लागलं होतं. अंड्यांवर ते थेट पडत असणार. पाखरू नुसतं वरून घिरट्या घालत होतं, बारीक आवाजात टिक्... टिक्... करत.

"थांब."

आवाज मोठा नव्हता. पण मिथिला दचकून जागच्या जागी गोठली, एक पाय उचललेला तसाच.

तांडेल तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर उभा होता.

"पाय खाली ठेव. बघान ठेव."

तिने बघून ठेवला.

"आता ये हय. इलंस त्याच पावलांनी."

ती आपल्याच पावलांत पाय टाकत परत आली. तिचा श्वास लागला होता.

"आजोबा, ही माणसं उलटी चालतात. त्यांना मागचं काही दिसत नाही. एकाचा जरी पाय..."

"आणि सुलटां चलान तुका काय दिसला?"

तिने फोन खिशात टाकला.

"मगासपासून दोर जाग्यार आसा," तांडेल म्हणाला. "चाळीस माणसां जाग्यार आसत. अख्ख्या वाळूत एकच पाय फिरता हा."

तिने मागे वळून बघितलं. वाळूवर तिच्या पावलांचं जाळं विणलं गेलं होतं. पुढे, मागे, आडवं, गोल. दुसरं कुणाचंच पाऊल तिथे नव्हतं.

मिथिलाला रडू फुटणार असं वाटलं.

"बस," तांडेल म्हणाला.

"बसून कसं सापडेल?"

"बस म्हटलंय मा?"

ती बसली.

तांडेलाने डोक्याचं फडकं सोडलं. ते उभं धरून हलवलं की ओढायचं, डोक्याभोवती फिरवलं की होडीने वळायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. त्याने फडकं दोन्ही हातांत आडवं धरलं आणि सावकाश गुडघ्यापर्यंत खाली आणलं.

ही खूण कुणी कधी बघितली नव्हती.

"ह्या काय आता?" सातू ओरडला.

"बसा."

"कोण?"

"सगळे."

"काकानू!" सातूचा आवाज चिरकला. "जाळ्याच्या दोन तोंडांमधी शंभर हात वाट उघडी आसा! आमी बसलंव तर तारली काय बसान रवतली? आठ दिस, काकानू! आठ दिस घरात वास नाय मासळेचो!"

तांडेलाने फडकं खांद्यावर टाकलं. तो स्वतः खाली बसला.

मग एक बसला. मग दुसरा. कुणी शिवी हासडून बसला, कुणी हसत. दक्षिणेचा दोर बसला, मग उत्तरेचाही. दोर कुणी सोडला नाही. मांड्यांवर घेऊन, टाचा रोवून, अंग मागे टाकून चाळीस माणसं वाळूत बसली. सर्वांत शेवटी सातू बसला, तोही अर्धा, एक गुडघा वर ठेवून.

कुशीने मिथिलाशेजारी पाटी उपडी घातली आणि पाटीवर बसली. "बसा तर बसा. हळदीकुंकवाक बसतंव तशे."

"तोंड," तांडेल म्हणाला.

कुशीने पदर तोंडावर घेतला.

आणि मग किनाऱ्यावर काहीच होईना...

लाट आली. लाट गेली. दोरातून पाणी ठिबकत होतं. पाण्यातला काळा डाग हळूहळू वळत होता, आणि तो कुठे वळतोय ते प्रत्येकाला दिसत होतं.

मिथिलाने घड्याळ बघितलं. पुन्हा बघितलं. मधे एकच मिनिट गेलं होतं.

पाखरू आलं.

ते दक्षिणेकडून आलं, ओल्या वाळूवरून. सुर्र पळायचं आणि गपकन थांबायचं. पुन्हा सुर्र. मुठीएवढं अंग, पोट पांढरं, पाठ वाळूची. मिथिलाने श्वास रोखला. येतंय... येतंय... अजून थोडं...

तेवढ्यात तिच्या पावलावर काहीतरी चढलं.

एक कुर्ली. बोटाएवढासा खेकडा.

मिथिला किंचाळली आणि दीड हात वर उडाली.

पाखरू भुर्रकन समुद्रावर गेलं.

दोन्ही दोरांवरून एकच उसासा निघाला, लाट फुटावी तसा. सातूने कपाळ बडवलं. कुशीला पदरही पुरेना. "कुर्लेक भियालंस? आणि पाखरां राखूक इलंस?"

मिथिलाचा चेहरा लालबुंद झाला. ती उठून उभी राहिली.

"मी जाते. मी लांब जाऊन बसते. मी इथं असले की हे असंच होणार." तिने अंगावरची वाळू झटकली. "मला या पक्ष्याचं सगळं येतं, आजोबा. किती दिवसांनी अंडी फुटतात, कोण कधी उबवतं, पिलू कधी पळतं... सगळं पाठ आहे. फक्त बसायचं तेवढं येत नाही."

तांडेलाने तिच्याकडे बघितलं. आज पहिल्यांदाच नीट बघितलं असावं.

मग तो सरकला. उत्तरेच्या दोराचं मागचं टोक त्याने बसल्यावर मांडीवर घेतलं होतं, ते त्याने तिच्यापुढे धरलं.

"धर."

"मी?"

"दोर ढिलो पडलो काय वाळूत आपटता. आपटलो काय पाखरू येवचां नाय. धर."

"पण मला..."

"धर गो, चेडवा. हात भरान इले माझे."

तिने धरला.

तिला वाटलं होतं दोर म्हणजे दोर. पण तो जिवंत होता. ओला, खरबरीत, मनगटाएवढा जाड, आणि आतून ओढणारा. लाट आली की तो ताणे, हात पुढे खेचून घेई. लाट गेली की सैल पडू बघे, तेव्हा मागे घ्यावा लागे. समुद्राचं वजन त्यात होतं, जाळ्याचं होतं, आतल्या हजारो माशांचं होतं. आणि तिच्या हातांची थरथरही त्यात उतरली होती, ती तिला स्वतःलाच दिसत होती. दोरावरचे थेंब तडतडत गळत होते.

पन्नास हात पुढे बसलेल्या सातूने मान वळवली.

"मागे कोण रे तो दोर हलयता?"

मिथिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तांडेलाने फक्त आपले दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, रिकामे. म्हणजे तो आता दोर परत घेणार नव्हता.

लाट आली. तिने दोर जाऊ दिला. लाट गेली. तिने मागे घेतला. टाचा रोवण्याआधी तिने खाली बघून घेतलं. मग पाठ मागे टेकली, म्हणजे हवेतच टेकली. पण दोराने तिला धरून ठेवलं. पुन्हा लाट. पुन्हा सैल. तळहात पेटले होते. घड्याळ बघायला हात मोकळा नव्हता. फोन खिशात होता, तो थरथरला... थरथरत राहिला... थांबला. मांडीजवळून मघाचीच नाहीतर दुसरी एखादी कुर्ली गेली, ती तिला दिसली, आणि दोर सैल पडत होता म्हणून तिने तो मागे घेतला.

किती वेळ गेला ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

सातूने पुन्हा मान वळवली नाही.

"इला," तांडेल म्हणाला. ओठ न हलवता.

पाखरू ओल्या वाळूवर उतरलं होतं. पण या खेपेला ते वर आलं नाही. ते लाटेच्या कडेला गेलं, पातळ पाण्यात बसलं आणि अंग घुसळलं. पोटाची पिसं भिजवून घेतली. एकदा. दोनदा.

"पाणी घेता," तांडेल पुटपुटला. "अंडी तापली हत."

हे मिथिलाने वाचलेलं होतं. उन्हात हा पक्षी पोट ओलं करून येतो आणि अंडी गार करतो. परीक्षेत तिने ते लिहिलंही होतं. बघितलं मात्र आज.

ओल्या पोटाने पाखरू निघालं. सुर्र... थांबलं. सुर्र... थांबलं.

समोर दोर होता. सातू आणि त्याच्या मागच्या माणसामध्ये तो जमिनीपासून वीतभर वर ताणलेला होता.

पाखरू दोरासमोर थांबलं.

त्याने एका डोळ्याने दोराकडे बघितलं. मग मान वाकडी करून सातूकडे. सातूचा एक गुडघा वर होता तो वरच राहिला. त्याच्या नाकावरून घामाचा थेंब ओघळला, टोकाशी लोंबला, तरी त्याने तो पुसला नाही.

मोठी लाट आली. मिथिलाला ती दोरातून आधी कळली आणि डोळ्यांना नंतर दिसली. तिने हात सोडला नाही, ओढलाही नाही; जेवढा जायचा तेवढा जाऊ दिला, आणि लाट परतताना तेवढाच मागे घेतला. तिच्या पुढच्याने घेतला. त्याच्या पुढच्याने घेतला. दोर वीतभर वरच राहिला.

पाखरू मान खाली घालून दोराखालून गेलं.

ते वाळूच्या उतारावर चढलं. मिथिलाने सकाळपासून जिथे जिथे शोधलं होतं त्या सगळ्यातून गेलं, तिच्या पावलांच्या खळग्यांत उतरत, चढत. एका जागी थांबलं. पिसं फुलवली. पाय वाकवले, डावी-उजवीकडे हललं आणि बसलं.

बसलं आणि दिसेनासं झालं. तिथे नुसती वाळू होती.

पण चाळीस माणसांनी माना वळवून ती जागा बघितली होती. ती आता हरवणार नव्हती.

कुशी पाटीवरून वाकली. मिथिलाच्या गळ्यातली दुर्बीण तिने आपल्याकडे ओढली, पट्टा मिथिलाच्या गळ्यातच राहिला, आणि डोळ्याला लावली. बराच वेळ बघत राहिली.

"अगो..." ती कुजबुजली. "बाजूक ह्यां पाऊल कोणाचां?"

"काय?"

"पाऊल. रेघारेघांचां. अंड्यांका लागान. चार बोटां अंतर... चार बोटां पण नाय गो."

दोरावरच्या साऱ्या माणसांचे पाय अनवाणी होते. कुशीचे होते. तांडेलाचे होते.

मिथिलाने खाली बघितलं. तिच्या पायांत नवे सॅंडल होते, किनाऱ्यासाठी म्हणून मुद्दाम घेतलेले. तळाला खोल रेघा होत्या, पाय घसरू नये म्हणून.

चार बोटं... मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि हात मोकळे नव्हते म्हणून ते तसंच वाहू द्यावं लागलं. वाहता वाहता तिला हसूही आलं. कुशीने दुर्बीण सोडली आणि आपल्या पदराने तिचं तोंड पुसून दिलं, लहान पोरीचं पुसावं तसं, जरा रगडूनच.

"रडान काय करतंस? वाचली मा? वाचली."

तांडेल उभा राहिला. त्याने फडकं उभं धरलं, पण ओढायची खूण केली नाही. बोटाने आधी ती जागा दाखवली, मग दक्षिणेकडे हात केला. उत्तरेचा दोर, न बोलता, न आपटता, खांद्याएवढा वर उचलला गेला आणि चाळीस-पन्नास पावलं बाजूला नेला गेला. सगळ्यांत मागे सरकणाऱ्याने फक्त एकदा मान वळवून मागे बघितलं. मग पुढच्यानेही बघितलं. मग दर चार टाचांनी कुणी ना कुणी बघत राहिला.

मिथिलाच्या हातातला दोर कुणी काढून घेतला नाही. तीही ओढत राहिली. सॅंडल मध्येच कुठेतरी काढून टाकले होते. गरम वाळू पायांना चटके देत होती.

"होय्या!" सातू ओरडला.

"होय्या!"

जाळं आलं तेव्हा पोट अर्धंच भरलेलं होतं. अर्धा थवा वाट सापडून निघून गेला होता, हे सगळ्यांना दिसत होतं. पण अर्धा थवा म्हणजेही वाळूवर चांदीचा ढीग होता, तडफडणारा, उन्हात डोळे दिपवणारा. आठ दिवसांनंतर. पोरं नाचायला लागली. कुशीने पाच पाट्या आणल्या होत्या, तीन भरल्या, उरलेल्या दोन तिने एकीत एक घातल्या आणि म्हणाली, "घावलां कमी, डोक्यावरचां वजांय कमी. चला."

रापणीचा रिवाज असा की दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा. वाटेने जाणारा परका माणूस असला तरी. सातूने ढिगातून ओंजळीओंजळीने वाटे घातले आणि एक वाटा मिथिलाच्या पुढ्यातही घातला. घालताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "मागसून दोर बरो धरलंस."

"मी मासे खात नाही," मिथिला ओशाळून म्हणाली.

"मी खातंय!" कुशीची पाटी ताबडतोब पुढे आली.

पुन्हा हशा झाला. या वेळी मिथिलाही त्यात होती.

हळूहळू किनारा रिकामा झाला. वर, उतारावर, वाळूच्या रंगाचं काहीतरी वाळूत बसून होतं. मिथिलाने तिकडे एकदाच बघितलं आणि नजर काढून घेतली, म्हणजे उगाच टक लावायला नको. तिचे तळहात सोलवटले होते. खांदे ठणकत होते. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या पोटात भूक होती, नुसती भूक.

धाकू तांडेल सावलीत जाळं घेऊन बसला होता. जाळ्यात अडकलेलं शेवाळ तो एकेक करून सोडवत होता. मिथिला त्याच्याजवळ जाऊन बसली आणि दुसऱ्या बाजूने सोडवायला लागली.

शेवाळाचा ढीग वाढत गेला.

"आजोबा..."

"हं."

"पाखरू आलंच नसतं तर?"

तांडेलाने एक गाठ सोडवली. शेवाळ बाजूला टाकलं. दुसरी गाठ हातात घेतली...

"तर जाळां अजून दर्यात असतां."